कोणावरून?

गडचिरोलीहून मुरूमगावकडे निघालं की पस्तीसेक किलोमीटरवर धानोरा लागतं. तिथल्या एका घराच्या पडवीत, दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली असताना, दोन चित्रं शेजारी शेजारी चालली होती. एक अठरा फूट रुंद : झाडीपट्टीच्या नाटकात लागणारा जंगलाचा पडदा, गेल्या हंगामात विटलेला, डागडुजीला आलेला. दुसरं जेमतेम दीड फुटाचं : डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी’ या चित्राची तैलरंगातली प्रत. पडदा मामाचा, प्रत भाचीची. ती नागपूरला चित्रकला शिकते, सुटीत आजोळी आलेली.

दोघांचं एका गोष्टीवर पटत नव्हतं. जुन्या उस्तादाच्या चित्रावरून चित्र करून माणसाचा चेहरा रंगवायला शिकता येतं का? गंमत अशी, की जन्मभर नकला करून पोट भरलेला मामा नकलेच्या विरोधात होता आणि शहरात नवं शिकायला गेलेली भाची नकलेच्या बाजूनं. मध्ये आजी, सुपात जवस निवडत बसलेली.

मामा : किती दिवस झाले या पोरीला?

भाची : आज अकरावा.

मामा : अकरा दिवसांत मी दोन पडदे काढतो. तुझा एक गाल होऊन नाही राहिला.

भाची : गालच अवघड आहे, मामा. बरं, मोबाईलमध्ये बघा आणि नाकाची पलीकडची कड कुठं आहे ते बोटानं दाखवा.

मामा : (चष्मा वर करून) इथं… नाही. इथं… नाही बाप्पा, कडच नाही.

भाची : नाहीच. नाक आणि पलीकडचा गाल एकाच रंगात विरलेत. व्हर्मीरनं रेघ मारली नाही, ती आपला डोळा मारतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी पहिल्या दिवशी माझ्या हातानं तिथं रेघ ओढलीच. पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा लक्षात आलं, की मी दिसणारं नाक रंगवतच नव्हते, माहीत असलेलं नाक रंगवत होते.

मामा : हे कळायला साडेतीनशे वर्षांपूर्वीचा विलायती माणूस कशाला पाहिजे? आजी बसली आहे ना समोर. तिलाही नाक आहे.

भाची : आजी हलते, ऊन सरकतं, गप्पा मारताना चेहरा बदलतो. समोर जिवंत माणूस बसलं की शंभर प्रश्न एकदम अंगावर येतात. उजेड कुठून घ्यायचा, काय गाळायचं, सावली किती गडद ठेवायची. या चित्रात ते सगळं त्यानं ठरवून ठेवलंय. मला एका वेळी एकच प्रश्न सोडवता येतो.

मामा : म्हणजे गाईड घेऊन पेपर सोडवणं.

भाची : गाईडात गणित मांडून दिलेलं असतं. इथं फक्त उत्तर दिसतं. गणित मला उलटं मागं जाऊन मांडावं लागतं.

आजी : (मान वर करून) ही पोरगी कोणाची?

भाची : कोणाचीच नाही, आजी. त्या काळी हॉलंडात असल्या चित्राला ‘ट्रोनी’ म्हणायचे. कुणा ओळखीच्या माणसाचं चित्र नव्हे, नुसता एक चेहरा.

मामा : घ्या! व्यक्तिचित्र शिकायला निघालीस, तेही जिथं व्यक्तीच नाही अशा चित्रावरून.

भाची हसली, पण बाण लागला होता. मामानं मग पडद्याची एक बाजू ओढून सरळ केली.

मामा : आता माझं गणित ऐक. या पडद्यावरची झाडं कोणती?

भाची : सुरू? का देवदार?

मामा : मलाही माहीत नाही. चाळीस वर्षं रंगवतो आहे. वडशाला माझ्या उस्तादानं त्याच्या उस्तादाच्या पडद्यावरून उतरवली, मी त्याच्यावरून. पहिल्यानं कुठल्या तरी विलायती छापील चित्रातून आली असतील. आपल्या परसामागं काय आहे? साग, ऐन, बीजा, मोह, तेंदू. त्याच जंगलातून आपण मोहफूल वेचतो, तेंदूपत्ता तोडतो. पण माझ्या पडद्यावर साग कधी उगवला नाही. भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगाव माणसं रातभर बसून हा पडदा पाहतात. एकानंही विचारलं नाही, की बाप्पा, हे झाड कोणत्या मुलखातलं? माझ्याही डोक्यात आलं नाही. नकलेनं माझे डोळे नेले, बाई.

भाची : नकलेनं नाही नेले. तुम्ही नकलेवर थांबलात.

मामा : थांबवते ना ती! पोट भरते म्हणून थांबवते. दुकानाच्या पाट्या, पुढाऱ्यांचे चेहरे, वारलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो… पासपोर्टच्या फोटोवर ग्राफ मारायचा, कापडावर मोठा ग्राफ मारायचा, घरामागून घर भरत जायचं. मग फ्लेक्स आला. मी दोन दिवसांत करायचो ते मशीन दहा मिनिटांत करून देते. मला राग नाही आला. मीही मशीनच होतो. मशीननं मशीनला काढलं, त्यात तक्रार कसली?

भाची : तेच म्हणते मी. मशीन चित्राची साल उतरवतं. हातानं प्रत करणारा ते चित्र कोणत्या क्रमानं झालं ते उतरवू शकतो. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात मोनालिसाची एक जुनी प्रत आहे. बाईच्या मागं नुसता काळा रंग, म्हणून कुणी फार लक्ष दिलं नव्हतं. तो काळा थर नंतर कुणी तरी चढवलेला निघाला. तो काढल्यावर खाली मूळ चित्रासारखेच डोंगर आणि वाटा मिळाल्या. इन्फ्रारेड तपासणीत खालचं रेखाटन पाहिलं, तर लिओनार्दोनं स्वतःच्या चित्रात जे बदल करत नेले होते, ते या प्रतीच्या पोटातही होते. २०१२मध्ये हे जाहीर झालं. म्हणजे शिष्य गुरूच्या शेजारी उभा राहून रंगवत होता. गुरूनं हात हलवला की यानंही हलवला. त्यानं चित्राची नक्कल केली नाही, चित्र होण्याची केली.

मामा : बरोबर. पण त्याच्यापाशी लिओनार्दो होता. तुझ्यापाशी मोबाईल.

भाचीकडं यावर लगेच उत्तर नव्हतं. मामा तिच्या कॅनव्हासपासून चार पावलं मागं सरकला. पडदा रंगवणाऱ्याची ही सवय. शेवटच्या रांगेतून काय दिसेल, ते आधी बघायचं.

मामा : दोन गोष्टी सांगतो. एक, तुझा पांढरा फार पेटला आहे. दोन, पोरीच्या मागची ही काळी भिंत मेलेली आहे. रात्रीचा पडदासुद्धा मी असा निव्वळ काळा ठेवत नाही. आत थोडा निळा, थोडा हिरवा असतो, नाही तर पुढचा नट कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

भाची : पांढऱ्याचं कारण स्क्रीन. मोबाईल स्वतः उजेड फेकतो, रंग मात्र पडलेला उजेडच परत देतो. त्या उजेडाला गाठायला गेलं की चेहरा खडूसारखा होतो. आणि काळ्याचं… ते सांगायचंच राहिलं होतं. तुम्ही म्हणता तेच बरोबर आहे. २०१८मध्ये हेगच्या मॉरिट्शुइस संग्रहालयात या चित्राची बारकाईनं तपासणी झाली. मागं मुळात हिरवा पडदा होता. गडद थरावर निळीचा आणि एका पिवळ्या वनस्पतीरंगाचा पारदर्शक हात फिरवलेला. ते रंग उडाले आणि उरला हा काळोख. पापण्यांचे बारीक केसही त्यानं काढले होते, ते साध्या डोळ्यांना दिसत नाहीत.

मामा : म्हणजे अकरा दिवस तू व्हर्मीर नाही, त्याच्यावर चढलेला काळ रंगवलास!

भाची : थोडा तोही. जुन्या चित्रांवरचं व्हार्निश पिवळं पडतं. पूर्वीचे किती तरी विद्यार्थी तो पिवळेपणाच उस्तादाची कला समजून घोटत बसले. म्हणून तर नुसतं उतरवून चालत नाही, जे दिसतं ते असं का दिसतं हे विचारावं लागतं. आज या काळ्यावर मी हिरव्याचा पातळ हात देणार आहे.

मामा : मग ती नक्कल कुठं राहिली?

भाची : कशाला राहायला हवी? व्हॅन गॉग १८८९-९०मध्ये सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. तिथं त्याच्याजवळ फ्रेंच चित्रकार मिलेची चित्रं होती ती काळ्या-पांढऱ्या छापात. आपल्या मोबाईलपेक्षाही गरीब. त्यानं त्यावरून तैलरंगात चित्रं केली. आकार मिलेचे, रंग सगळे स्वतःचे. छापात रंग नव्हता, म्हणून त्याला तो शोधावा लागला.

मामा : माझा उस्ताद म्हणायचा, रविवर्म्यानं कुणाची नक्कल केली नाही, नुसतं पाहून शिकला.

भाची : काय पाहून? १८६८मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा चित्रकार त्रावणकोरच्या दरबारात आला. त्यानं शिकवायला नकार दिला, रंगवताना बघायला तेवढं दिलं. पण तेच तर सगळ्यात मोलाचं, मामा! आधी काय, मग काय, कुठं थांबला, कुठं पुसलं, हे रविवर्म्याला दिसलं. आपल्याला इथं जेन्सन कुठून मिळणार? म्हणून चित्रालाच विचारायचं, बाबा, तू कोणत्या क्रमानं झालास? तैलरंगात तर क्रमच सगळं काही आहे. खाली तेल कमी, वर तेल जास्त. खाली तेलकट थर दिला आणि वर कोरडा, तर वरचा आधी वाळतो, खालचा मागून हलत राहतो आणि चित्राला भेगा जातात.

आजी : कोणतं तेल टाकते तू यात?

भाची : जवसाचंच, आजी. तू निवडतेस तेच. फक्त चित्रासाठी शुद्ध केलेलं.

आजी : अन् मी तं खाण्यात वापरते. वाया घालवता तुम्ही.

मामा : तिला सांग, धान निघाल्यावर बांधीत जवस होते, म्हणून त्या विलायती लोकांची चित्रं टिकली.

भाची : त्यांचं अळशीचं तेल आपल्या बांधीतून नाही गेलं, पण झाड तेच. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवा पिऊन घट्ट होतं. म्हणून गाल तीन दिवस ओला राहतो आणि मला नाकाची कड विरवता येते. तुमच्या सरसातल्या पावडरच्या रंगाला ते जमत नाही. तो दहा मिनिटांत सुकतो, म्हणून पडद्यावर कडा कडक येतात.

मामानं पडद्याकडं पाहिलं. चाळीस वर्षं तो कडक कडांना आपल्या हाताचा दोष समजत आला होता.

मामा : बरं. पण शाळेत बसून नकला करून चित्रकार झाल्याचं एक तरी उदाहरण दे. आपल्याकडचं.

भाची : मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स. १८७२ ते १८८५, हिवाळ्याच्या हंगामांत विद्यार्थ्यांना घेऊन ते अजिंठ्याला जायचे आणि लेण्यांमधल्या चित्रांच्या मोठ्या प्रती करून घ्यायचे. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. पुढं त्यांनी पारशी घरांतली जी माणसं रंगवली, ती आजही बघावी अशी आहेत.

मामा : अन् अजिंठ्याच्या त्या प्रती?

भाची : लंडनला पाठवल्या. त्यांतल्या अनेक १८८५च्या आगीत जळाल्या.

मामा : जळाल्या? इतकी वर्षं घासून?

भाची : प्रती जळाल्या. हात नाही जळाले.

मामा : हं. आणि भिंती?

भाची : (जरा थांबून) चित्रं नीट दिसावीत म्हणून त्या काळात भिंतींवर व्हार्निशही लावलं गेलं. ते पुढं पिवळं पडलं.

मामा : म्हणजे नकलेनं मुळाचाही थोडा घास घेतला. चाल पुढं. मी पण एक आठवण सांगतो. रविवर्म्याची ती दिवा घेतलेली बाई, हातानं ज्योत झाकते आणि चेहऱ्यावर उजेड येतो ती. मी किती घरांत रंगवून दिली असेन. तैलरंगात. माझी सगळ्यात विकली गेलेली नक्कल.

भाची : ते रविवर्म्याचं नाही, मामा.

मामा : काय बोलतेस!

भाची : सावळाराम हळदणकरांचं. सावंतवाडीचे. आणि ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये लावलंय. दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची मुलगी, गीता.

मामा बराच वेळ गप्प होता. मग हसला, पण आवाज उतरला होता.

मामा : म्हणजे माध्यम चुकीचं, नाव चुकीचं आणि बाई कोण ते माहीत नाही. आणि लोकांनी माझी तारीफ केली! बघ, हेच माझं म्हणणं आहे. हळदणकरांनी घरातली पोर समोर उभी केली. तो उजेड त्यांनी तिच्या गालावर पाहिला, म्हणून तो हजार नकलांत विरूनही पुरून उरला. मी कागदावरचा उजेड घेतला. आता तूच ठरव, तुला कोणाच्या जागी उभं राहायचं आहे.

भाचीनं ओल्या कॅनव्हासला हात लावला नाही. तिनं एक छोटा कोरा बोर्ड काढला आणि आजीला दाराशी, उत्तरेच्या उजेडात बसवलं. अकरा दिवसांत हाताला बसलेलं मिश्रण तिनं तयार केलं : पांढरा, पिवळा ओकर, चिमूटभर व्हर्मिलियन. कपाळ लावलं. गाल लावला. अर्ध्या तासात आजी चुना फासल्यासारखी दिसायला लागली. गडद करावं म्हणून तपकिरी घातला तर चिखल. उजळावं म्हणून पांढरा वाढवला तर राख.

भाची : हे व्हर्मीरच्या पोरीवर चालत होतं.

मामा : ती पोर गोरी आहे. तिच्यावर उजेड म्हणजे पांढरा. आजी सावळी आहे. कपाळाची चमक बघ. पांढरी आहे?

भाची : …नाही. निळसर आहे.

मामा : आभाळ आहे ते. पाऊस पडून गेल्यावर सागाच्या पानावर ऊन पडतं, तेव्हा पान पांढरं होतं का? त्यात आभाळ दिसतं. आजीच्या कातडीत पांढरा कालवू नको. आधी आतली ऊब येऊ दे, तांबूस, गडद. मग आभाळ वरून ठेव.

भाचीनं सगळं खरवडून काढलं. बर्न्ट सिएनामध्ये थोडा लाल आणि सावलीकडं अल्ट्रामरीन मिसळून पहिला थर दिला. कपाळावर शेवटी निळसर राखाडीचा एकच फराटा ठेवला. चेहरा अजून आजीचा झाला नव्हता. पण त्यात रक्त आलं होतं.

भाची : हे मला व्हर्मीरनं सांगितलं नसतं.

मामा : नाही.

भाची : पण आजीच्या नाकाची कड मी मारली नाही, ते बघितलंत? गालात सोडून दिली.

मामानं वाकून पाहिलं. खरंच, कड नव्हती. आणि नाक होतं.

मामा : हे मी तुला सांगितलं नसतं.

दुपार कलली. भाची पुन्हा डच पोरीकडं वळली. मोती राहिला होता. त्याला कानात अडकवायची कडीसुद्धा नाही. वर डाव्या अंगाला एक जाड पांढरा ठिपका आणि खाली कॉलरचं अंधूक प्रतिबिंब, इतकंच. ती तो ठिपका लावायची, पुसायची, पुन्हा लावायची. पाचव्यांदा मामाला राहवलं नाही.

मामा : देऊ का?

ब्रश घेऊन त्यानं रंगाचा गोळा टोकावर उचलला, श्वास रोखला, एक ठेवला. मग ब्रश पुसून कोरड्या टोकानं खालचा, नुसता स्पर्श. मोती लोंबायला लागला.

भाची : हे कुठं शिकलात?

मामा : राजवाड्याच्या पडद्यात झुंबरं असतात. एकेका झुंबराला शंभर लोलक. उस्ताद म्हणायचा, चमक ठेवायची, घासायची नाही. घासली की मेली. दोन हंगाम त्याच्या पडद्यावरून मी नुसते लोलक उतरवले…

तो मध्येच थांबला. आपण काय बोललो, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं.

भाची : म्हणजे नकलेतूनच.

मामा : लोलक नकलेतून. झाडं पण नकलेतून. एकानं हात दिला, एकानं डोळे नेले.

भाची : मग कोणती नक्कल कधी सोडायची, एवढाच वाद राहिला.

मामा : तीन-चार किलोमीटरवर मेंढा आहे. तिथं ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय निर्णय होत नाही. आपण दोघंच आहोत, करून टाकू. जितके तास या पोरीसमोर, तितकेच आजीसमोर. आणि तिच्याकडून जे घेतलं ते आजीच्या चेहऱ्यावर चाललं, तर ते तुझं. नाही चाललं, तर तिचं तिला परत.

भाची : मंजूर. माझंही एक कलम घाला. पॅरिसच्या लूव्रमध्ये आजही परवानगी काढून जुन्या चित्रांसमोर बसून प्रत करता येते. पण प्रतीचा आकार मूळ चित्राएवढा ठेवायचा नाही आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. शिका, पण प्रत मूळ चित्र म्हणून खपवू नका.

तिनं कॅनव्हास हळूच उलटा धरला आणि मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलं : व्हर्मीरवरून, धानोरा. मामा ते वाचत उभा राहिला. मग त्यानं पडद्याचा कोपरा उलटवला. मागं कोरं मांजरपाट होतं. खडूनं त्यानं आपल्या उस्तादाचं नाव लिहिलं, त्याला ‘वरून’ जोडलं आणि त्याच्यावर एका नावाची जागा मोकळी सोडली. उस्तादानं कोणावरून उतरवलं, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पडदा पुन्हा सुलटा करून तो डाव्या टोकाशी बसला. तिथला रंग गेल्या पावसाळ्यात पार धुऊन गेला होता. त्या अनोळखी झाडांच्या रांगेत, खडूनं, तो एक सरळ बुंधा आणि ताटाएवढी पानं काढू लागला.

भाची : हा कोणावरून?

मामा : परसातल्या.